उघड्या खिडकीचे इंजिन

नववीच्या वर्गात ध्वनीच्या परावर्तनाचा पाठ चालू होता. आमची शाळा नाशिकमध्ये अगदी रस्त्याला लागून आहे. प्रतिध्वनी म्हणजे काय हे मी फळ्यावर लिहीत असतानाच खिडकीखालून एक जुनी यामाहा आरएक्स १०० कर्कश आवाज करत गेली. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, की सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली म्हणजे गाडीची ताकद वाढते, हे खरे का? निम्म्या वर्गाचे मत 'वाढते' असे होते. मी 'नाही' म्हणून मोकळा झालो. पण का नाही, हे काही मला सांगता आले नाही.

घरी येऊन पुस्तके काढली, ओळखीच्या गॅरेजमध्ये दोन रविवार बसलो. तेव्हा लक्षात आले की प्रश्न माझ्या पाठाच्या बाहेरचा नव्हताच. टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर हे ध्वनीच्या परावर्तनाचे फार सुंदर उदाहरण आहे. शिवाय या इंजिनात कमी खर्चात सुधारणा करण्याचा इतिहास पाहिला, तर विज्ञानाबरोबरच आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. सुधारणा 'स्वस्त' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिची किंमत नेमकी कोण मोजत असते?

दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत

चार स्ट्रोकच्या इंजिनात मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार धावांत, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. प्रत्येक कामाला स्वतंत्र धाव मिळते आणि दारे उघडण्या-मिटण्यासाठी व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोक इंजिनात हीच कामे एका फेरीत उरकावी लागतात.

अशा इंजिनाची सुरुवात स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लर्क याने केली. १८८१ साली त्याने पेटंट घेतले. ताजे मिश्रण मुख्य सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी त्याने शेजारी दुसरा पंपाचा सिलिंडर बसवला होता. हा पंप काढून टाकण्याची युक्ती इंग्लंडमधील बाथ या गावच्या जोसेफ डे याला सुचली. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद खोलीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी होते आणि मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाते. मग वेगळा पंप हवा कशाला? डे याचे पेटंट १८९१ चे. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक याने उरलेले व्हॉल्व्हही काढून टाकले. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या ठेवायच्या आणि वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या अंगानेच त्या झाकायच्या व उघडायच्या. या खिडक्यांना आपले मिस्त्री पोर्ट म्हणतात.

केवळ तीन हलणारे भाग उरले: पिस्टन, त्याला जोडणारा दांडा आणि क्रँक. इतके साधे इंजिन दुसरे नाही. हलके, बनवायला सोपे, दुरुस्तीला सोपे आणि प्रत्येक फेरीला शक्ती देणारे. डे याच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. काही वर्षांतच त्याचा धंदा बुडाला आणि १९४६ साली तो जवळजवळ विस्मृतीत वारला.

या साधेपणात एक दोष जन्मापासूनच होता. जळालेला वायू बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजे मिश्रण आत येण्याची खिडकी, या दोन्ही काही काळ एकाच वेळी उघड्या असतात. ताजे मिश्रण धुराला ढकलत बाहेर काढते आणि त्यातले काही स्वतःच त्याच्याबरोबर बाहेर निघून जाते. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या मिश्रणाचा तिसरा हिस्सासुद्धा कधीकधी न जळताच बाहेर जाऊ शकतो. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक सुधारणा म्हणजे एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. खिडकी उघडी असताना आतला माल बाहेर कसा जाऊ द्यायचा नाही?

पहिले उत्तर: आकार

सुरुवातीला पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवत. आत येणारे मिश्रण त्याला आपटून वर वळे आणि सरळ समोरच्या खिडकीतून निसटत नसे. पण असा पिस्टन जड होई आणि त्याचा उंचवटा फार तापे.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर जर्मन अभियंता अडॉल्फ श्न्यूर्ले याने वेगळा मार्ग काढला. धुराच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना ताज्या मिश्रणाच्या खिडक्या ठेवायच्या, पण त्यांचे तोंड तिरपे करून प्रवाह समोरच्या, म्हणजे धुराच्या खिडकीपासून दूरच्या भिंतीकडे वळवायचा. दोन्ही प्रवाह तिथे एकमेकांना भेटतात, वर चढतात, माथ्याशी वळतात आणि खाली उतरताना धुराला दाराकडे लोटतात. घर झाडताना आपण दारापासून सुरुवात करत नाही. आतल्या कोपऱ्यात जाऊन दाराकडे झाडत येतो. श्न्यूर्लेने सिलिंडर तसा झाडला. पिस्टन सपाट माथ्याचा झाला, इंजिन गार राहू लागले आणि तेवढ्याच पेट्रोलवर जास्त शक्ती मिळू लागली. एकही नवा भाग वाढला नाही, फक्त खिडक्यांची दिशा बदलली.

डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने ही रचना मोटारसायकलींना लावली. तिची १९३९ ची आरटी १२५ ही छोटी गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर नकलली गेली. इंग्लंडची बीएसए बँटम तिच्यावरून निघाली आणि यामाहाने १९५५ साली बनवलेली आपली पहिली मोटारसायकल वायए-१ सुद्धा तिच्यावरूनच निघाली. आमच्या शाळेखालून गेलेल्या आरएक्स १०० ची वंशावळ अशी झ्शोपाऊ या जर्मन गावापर्यंत पोचते.

दुसरे उत्तर: आवाज

महायुद्धानंतर झ्शोपाऊ पूर्व जर्मनीत गेले आणि तिथल्या कारखान्याचे नाव एमझेड झाले. तिथे वॉल्टर काडेन हा अभियंता शर्यतीच्या गाड्या बनवत असे. हाताशी पैसा थोडा, चांगले धातूही दुर्मिळ. त्याने लक्ष घातले ते धुराच्या नळीत. डीकेडब्ल्यूच्या एरिख वोल्फ याने आधीच फुगीर आकाराची नळी वापरून पाहिली होती. काडेनने ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या दाबाच्या लाटा मोजल्या आणि तिच्या आकाराचे शास्त्र बसवले.

ते शास्त्र वर्गात दोरीने समजावता येते. दहा-बारा फुटांची जाड दोरी खुंटीला घट्ट बांधा आणि दुसरे टोक हातात धरून एक झटका द्या. झटका खुंटीपर्यंत जाऊन परत येतो, पण येताना उलटा होऊन येतो. वर गेलेला उंचवटा खोलगट होऊन परततो. आता दोरीचे टोक खुंटीऐवजी हलक्या सुताने बांधा, म्हणजे ते मोकळे हलू शकेल. या वेळी उंचवटा उंचवटा म्हणूनच परत येतो.

नळीतल्या दाबाचेही असेच आहे. नळीच्या उघड्या टोकाशी हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जखडलेला असतो, खुंटीला बांधलेल्या दोरीसारखा. म्हणून तिथून दाबाची लाट उलटी, म्हणजे ओढ होऊन परत येते. बंद टोकाशी दाब मोकळेपणाने वाढू शकतो, म्हणून तिथून दाब दाब म्हणूनच परततो. नळी हळूहळू रुंद होत गेली, तर ती थोडीथोडी उघड्या टोकासारखी वागते. अरुंद होत गेली तर बंद टोकासारखी.

काडेनची नळी आधी फुगत जाते आणि मग निमुळती होते. धुराची खिडकी उघडताच दाबाची लाट नळीत शिरते. फुगणाऱ्या भागातून ओढ परत येते आणि सिलिंडरमधला धूर खेचून घेते. या ओढीबरोबर थोडे ताजे मिश्रणही नळीत येते. एवढ्यात निमुळत्या भागावर आपटलेली दाबाची लाट परत येते आणि खिडकी मिटायच्या ऐन वेळी ते निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. ज्या खिडकीला दार नाही, तिला आवाजाचेच दार लावले असे म्हणायला हरकत नाही.

या नळीची लांबी मुलांना काढायला द्या. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे, म्हणजे एका फेरीला १० मिलिसेकंद. धुराची खिडकी साधारण अर्धी फेरी उघडी राहते असे धरू. म्हणजे ५ मिलिसेकंद. लाट परत यायला हवी ती खिडकी मिटण्याच्या थोडी आधी, समजा ४ मिलिसेकंदांनी. वर्गातल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तापलेल्या धुरात तो वाढून ५०० मीटरच्या आसपास जातो. ४ मिलिसेकंदांत लाट २ मीटर जाते. हे जाण्यायेण्याचे अंतर, म्हणून नळी सुमारे १ मीटरची हवी. आता फेरे ९००० करा. तेच गणित नळीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर देते. हिशेब स्थूल आहे, पण त्यातून महत्त्वाची गोष्ट कळते. नळी एका ठरावीक वेगालाच साथ देते. शर्यतीसाठी आखूड केलेली नळी शहरातल्या हळू चालीत उपयोगी तर पडत नाहीच, उलट लाट चुकीच्या वेळी परत आणून कामात अडथळा करते.

१९६१ मध्ये काडेनच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० अश्वशक्ती हा तेव्हा बाहेरून हवा न कोंबणाऱ्या इंजिनांतला विक्रम होता. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. १९६२ साली सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. टू-स्ट्रोक गाडीचे ते पहिले जागतिक विजेतेपद. काडेनचे ज्ञान अशा रीतीने जपानला पोचले आणि तिथून ते रोजच्या वापराच्या गाड्यांत उतरले.

यामाहाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रीड व्हॉल्व्हची भर घातली. बाजाच्या पेटीत सुराचे पाते असते, तशी पातळ पाती आत येण्याच्या मार्गावर बसवायची. क्रँककेसमध्ये ओढ निर्माण झाली की ती उघडतात, दाब वाढला की आपोआप मिटतात आणि मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटे फेकले जात नाही. हळू वेगातही इंजिन नीट ओढू लागले.

आपल्याकडची टू-स्ट्रोक

महाराष्ट्रात हे इंजिन घराघरांत पोचले ते वेगासाठी नव्हे. बजाज ऑटोने पिआज्जिओच्या सहकार्याने आकुर्डीला व्हेस्पा स्कूटर बनवली. ते सहकार्य १९७१ मध्ये संपले आणि १९७२ पासून 'चेतक' आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची ५० सीसीची लुना आली. शाळामास्तर, दूधवाले, पोस्टातले कारकून, शेतकरी अशा कितीतरी जणांच्या आयुष्यातले पहिले इंजिन म्हणजे लुना किंवा चेतक. रिक्षाही बरीच वर्षे टू-स्ट्रोकवरच चालत होत्या. चेतकचे सुमारे १४५ सीसीचे इंजिन साडेसात अश्वशक्तीच्या आसपास शक्ती देई. काडेनने त्याहून लहान इंजिनातून २५ काढली होती. पण चेतकला शर्यत जिंकायची नव्हती. चौघांचे कुटुंब आणि पुढे भाजीची पिशवी घेऊन वर्षानुवर्षे चालायचे होते.

१९८० च्या दशकात चित्र बदलले. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली. ती यामाहाच्या आरडी ३५० बी या गाडीची भारतीय आवृत्ती होती. मूळ जपानी इंजिन ३९ अश्वशक्तीचे. आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी ते आधी ३०.५ आणि नंतरच्या आवृत्तीत २७ अश्वशक्तीवर आणले गेले. इतके करूनही मायलेज कमी म्हणून ग्राहक बिचकले. १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० मात्र गाजली. ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती, रीड व्हॉल्व्हसह. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी ती सांभाळणारे आजही आहेत.

आरडी ३५० ची एक दूरची बहीण वाळूवर धावे. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने देतात ती चार जाड टायरांची क्वाड बाइक आपल्या मुलांनी पाहिलेली असते. अमेरिकेत यामाहाने १९८७ पासून २००६ पर्यंत बॅन्शी नावाची टू-स्ट्रोक स्पोर्ट क्वाड विकली. तिचे ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने गार होणारे इंजिन आरडीच्याच घराण्यातले होते. वाळूच्या टेकड्यांवर बॅन्शी पळवणारे हौशी लोक तिच्यात ज्या स्वस्त सुधारणा करत, त्यांची यादी आणि नाशिकच्या गॅरेजमधल्या आरएक्स १०० च्या सुधारणांची यादी जवळजवळ एकच आहे. भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे हातही सारखेच चालतात.

गॅरेजमधली यादी

ही यादी शिक्षकाच्या नजरेने तपासून पाहू.

पहिले काम डिकार्बनायझिंग, म्हणजे काजळी काढणे. पेट्रोलमधले ऑइल अर्धवट जळून धुराच्या खिडकीत आणि सायलेन्सरमध्ये काजळीचा थर साचतो. खिडकी अरुंद होते, लाटांचे गणित बिघडते आणि गाडी दम टाकते. काजळी खरवडली की गाडी नवी झाल्यासारखी पळते. ही खरी, निर्धोक आणि सर्वांत स्वस्त सुधारणा. यात नवे काही मिळत नाही, गेलेले परत येते.

दुसरे, सायलेन्सरची जाळी काढणे. आवाज शोषणारा शेवटचा भाग गेला की आवाज निश्चित वाढतो. नळीतला मागचा दाब मात्र बदलतो आणि कार्ब्युरेटरची मूळची जुळणी चुकते. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली तर पिस्टन जादा तापून सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. एखाद्या वेगाला थोडी शक्ती वाढली तरी हळू चालीतली ओढ बहुधा कमी होते. आवाज वाढला म्हणून आपल्याला ताकद वाढल्यासारखी वाटते, कारण आपण इंजिन कानाने मोजतो. मागच्या बाकावरच्या मुलाला द्यायचे उत्तर हे होते.

तिसरे, धुराच्या खिडकीची वरची कड कानसीने घासून उंच करणे. खिडकी लवकर उघडते आणि उशिरा मिटते. जास्त फेऱ्यांना धूर बाहेर पडायला अधिक वेळ मिळतो, म्हणून वरच्या वेगाला शक्ती वाढते. कमी फेऱ्यांना तीच खिडकी जास्त वेळ उघडी राहून ताजे मिश्रण वाया घालवते. आणि कानस एकदा फिरली की धातू परत येत नाही.

चौथे, हेड घासून दाब वाढवणे. दाब वाढला की ज्वलनातून जास्त काम मिळते. पण पेट्रोलचा ऑक्टेन अंक त्या दाबाला पुरा पडला पाहिजे. त्या काळी आपल्याकडचे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते. मर्यादेपलीकडे दाब वाढवला की मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच भडकतो, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनचा माथा खराब होतो.

पाचवे, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे. झिजलेल्या सिलिंडरला ही नेहमीची दुरुस्ती आहे. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे अचूक मापाचे यंत्रकाम नाशिकला नवे नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापाला जपणारा कारागीर हे काम चोख करतो. अंदाजाने केले तर तेच इंजिन थोड्याच दिवसांत जाम होते.

यादीत एक गोष्ट समान दिसते. पहिले काम आणि नीट केलेले बोअरिंग सोडले, तर एका वेगाला मिळालेली शक्ती दुसऱ्या वेगाकडून, पेट्रोलच्या टाकीकडून किंवा इंजिनाच्या आयुष्याकडून उसनी घेतलेली असते. विद्यार्थ्यांना हेही सांगायला हवे, की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे मूळ रचनेतले बदल वाहनात करता येत नाहीत.

धुराचा हिशेब

आता उसनवारीचा सर्वांत मोठा धनको पाहू. निसटलेले मिश्रण कुठे जाते? रस्त्यावर. न जळलेले पेट्रोल आणि अर्धवट जळालेले ऑइल, म्हणजे तो निळसर धूर, गाडीच्या मालकापेक्षा मागून येणाऱ्याच्या छातीत जास्त जातो. यात ऑइलचा वाटा मोठा. पेट्रोलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल स्कूटरला पुरते. पण 'जास्त ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त आराम' या समजुतीने कित्येक जण सढळ हाताने ओतत. रिक्षांमध्ये सुटे, हलके ऑइलही सर्रास वापरले जाई. दक्षिण आशियातील टू-स्ट्रोक वाहनांविषयी जागतिक बँकेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने योग्य प्रतीचे ऑइल योग्य प्रमाणात घालणे आणि नियमित देखभाल करणे या साध्या उपायांवर भर दिला होता. भारतात कमी धूर करणारे टू-टी ऑइल १ एप्रिल १९९९ पासून सक्तीचे झाले.

दुचाकींच्या धुरावरचे नियमही कडक होत गेले. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून किलोमीटरला किती ग्रॅम सोडता येतील, याची मर्यादा १९९६ मध्ये ३.६ होती, २००० मध्ये २.०, २००५ मध्ये १.५ आणि २०१० मध्ये १.० झाली. हे आकडे मुलांना आलेखावर मांडायला द्या. उघड्या खिडकीच्या इंजिनाभोवती फास कसा आवळत गेला, ते दिसेल. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रयोगशाळेत नव्या गाड्या अशा कसोट्यांना उतरतात. कंपन्यांनी टू-स्ट्रोकला उत्प्रेरक असलेले सायलेन्सर लावून पाहिले. पण १९८५ साली हीरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आल्यापासून ग्राहकही जास्त मायलेजकडे वळू लागला होता. टू-स्ट्रोक दुचाकी एकेक करून बंद होत गेल्या.

दोष दूर करता येत नव्हता असे नाही. खिडकी उघडी असताना सिलिंडर फक्त हवेने झाडायचा आणि खिडकी मिटत आली की पेट्रोल थेट आत फवारायचे. मग निसटली तरी हवाच निसटेल. या तत्त्वावर बजाज ऑटोने ऑस्ट्रेलियातील ऑर्बिटल कंपनीच्या तंत्राने २००७ साली टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातून निघालेल्या एन्व्हायरोफिट या संस्थेने फिलिपिन्समधल्या जुन्या टू-स्ट्रोक प्रवासी गाड्यांना बसवता येईल असा फवारणीचा संच तयार केला. पेट्रोलची सुमारे एक तृतीयांश बचत होते, असे संस्था सांगत असे. तरीही रोजच्या कमाईवर जगणाऱ्या चालकाला एवढे पैसे एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून छोट्या कर्जांची सोय करावी लागली.

'स्वस्त' या शब्दाचा अर्थ इथे उलगडतो. जाळी काढण्याचा खर्च थोडा आणि फायदा, खरा असो की कानाला वाटणारा, लगेच मालकाला. तोटा मात्र साऱ्या रस्त्याला. धूर कमी करणाऱ्या संचाचा खर्च मालकाला आणि फायद्याचा मोठा भाग साऱ्या रस्त्याला. म्हणून पहिली सुधारणा कुणी न सांगता पसरते आणि दुसरीला नियम, कर्ज किंवा अनुदान यांचा टेकू लागतो. इंजिन तेच, खिडकीही तीच. सुधारणेचा हिशेब कुणाच्या वहीत लिहायचा, एवढाच फरक.

टू-स्ट्रोक अजून संपलेले नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पाठीवरचा पॉवर स्प्रे किंवा गवत कापायचे यंत्र सुरू झाले, की तोच ओळखीचा आवाज येतो. यातल्या काही नव्या यंत्रांत ताज्या मिश्रणाच्या पुढे नुसत्या हवेचा एक थर सोडतात. धुराला ढकलत आधी हवा बाहेर जाते आणि मागचे पेट्रोल आतच राहते. पुन्हा एकदा प्रवाहाची नुसती मांडणी बदलून काढलेले उत्तर. ते पाहून श्न्यूर्लेला आनंद झाला असता.

शिक्षकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दोरीचा प्रयोग करून नळीच्या लांबीचे गणित मुलांकडून सोडवून घ्या. आणि मुलांना घरातल्या किंवा शेजारच्या वाहनांच्या पीयूसीच्या पावत्या आणायला सांगा. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी ठरवलेली हायड्रोकार्बनची मर्यादा टू-स्ट्रोकला दशलक्षात ६००० भाग आणि चार स्ट्रोकला ४५०० भाग अशी होती. एकाच रस्त्यावर, एकाच हवेत चालणाऱ्या दोन इंजिनांना दोन वेगळ्या मर्यादा का दिल्या असतील, हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ गप्प बसा. आमच्या वर्गात त्या तासाची घंटा कधी झाली ते कुणाला कळलेच नाही.